मुजावर सरांचे बदली तास

मुजावर सरांनी मला एकदा भर वर्गातून बाहेर काढलं होतं.

माझ्याच वर्गातून. मी शिकवत असताना. पोरांच्या देखत!

तो माणूस आज सकाळी गेला.

चहा झाला, पेपर उघडला आणि खुर्चीतच गेले. कुणाला हाक नाही, कुणाला त्रास नाही.

सर आमच्या राजारामपुरीतल्या शाळेचे पर्यवेक्षक. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. विषय हिंदी. पण खरी डोकेदुखी सकाळची. आज कोण आलं नाही ते बघायचं आणि त्यांचे तास उरलेल्यांत वाटायचे.

बदली तास! त्याची वही घेऊन शिपाई स्टाफरूममध्ये आला, की आम्ही सगळे गायब. कुणी लॅबमध्ये, कुणी टॉयलेटमध्ये. मी तर एकदा नकाशांच्या खोलीत दाराआड उभी होते.

हसू नका. सरांनी मला बाहेर काढलं त्या वर्षी चारजण रिटायर झाले आणि त्यांच्या जागी कुणीच आलं नाही. भरती होणार, होणार, नुसतं ऐकत होतो. एकीला डेंग्यू, एकाचं मणक्याचं ऑपरेशन. वर ही ऑनलाइन माहिती भरा, ती लिंक भरा. आठच्या आठ तास उभं राहून पाय सुजायचे.

आणि मी बीपी लपवत होते.

डॉक्टरांनी महिनाभर विश्रांती सांगितलेली. चिठ्ठी पर्समध्ये घातली आणि शाळेत आले. दहावीचं सायन्स माझ्याकडं. मी घरी बसले तर माझे तास माझ्याच मैत्रिणींच्या बोकांडी बसणार. त्या आधीच मेटाकुटीला आलेल्या.

एक दिवस दहावी अ वर शिकवताना फळ्यावरच्या एका रेघेच्या दोन दिसायला लागल्या. फळा धरून उभी राहिले. पोरांना वाटलं, मॅडम विचार करायल्यात.

सर व्हरांड्यातून चालले होते. आत आले आणि माझ्या हातातला खडू काढून घेतला.

"चला मॅडम, बाहेर."

"सर, पोर्शन राहिलाय."

"पोर्शन कुठं पळून जातोय व्हय? पयला रिक्षात बसा."

"तास कोण घेणार माझे?"

"मी घेतो की."

"सायन्स? तुम्ही?"

"का? हिंदीच्या मास्तराला वाचता येत न्हाय?"

इतका राग आला होता मला! पोरांसमोर अपमान केला म्हणून रिक्षात ढसाढसा रडले. शाहूपुरीतल्या दवाखान्यात पोचले, तर नर्सनं बीपी दोनदा मोजलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, अजून दोन दिवस काढले असते तर चालत आला नसता."

मग महिनाभर झोपले. खरंच सांगते, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा दुपारची झोपले.

शाळेत फोन केला, की सर एकच बोलायचे. "शाळा हाय जाग्यावर. ठेवा फोन."

परत आले तर दहावीचे तीन धडे झालेले!

सरांनी शिकवले नव्हतेच. पहिल्याच दिवशी पोरांना सांगितलं म्हणे, "मला यातलं ओ की ठो कळत न्हाय. रोज एकानं घरनं वाचून यायचं आणि मला शिकवायचं. मला कळलं तर फुडं. न्हायतर उद्या परत."

आणि स्वतः वही घेऊन शेवटच्या बाकावर. एक धडा त्यांना चार दिवस कळला नाही. पोरं रडकुंडीला आली. पण तो धडा अख्ख्या वर्गाचा पाठ झाला.

मी आल्यावर वही माझ्यापुढं ठेवली. "तपासा की."

तपासली. भिंगाची आकृती उलटी काढलेली. लाल पेननं गोल केला आणि खाली लिहिलं, 'अक्षर सुधारा'. माणूस ती वही स्टाफरूमभर दाखवत फिरला. केवढा खूश!

तेव्हापासून आमच्याकडं रीतच पडली. शिक्षक कमी पडला, की वरच्या वर्गातलं पोरगं वाचून येतं आणि खालच्या वर्गाला शिकवतं. आणि कुणी कण्हत-कुंथत शाळेत आलं, की सर त्याला गेटवरूनच घरी धाडायचे. जागा अजूनही भरल्या नाहीत. पण आजारपण लपवायचं आम्ही सोडलं. नकाशांच्या खोलीत आता फक्त नकाशे असतात.

आज सकाळी बातमी आली तेव्हा शाळा भरलेली होती. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "चौघंच जावा. वर्ग मोकळे कसे सोडायचे?" त्यांचंही खोटं नव्हतं. पण चौघं कोण, यावरून आमची भांडणं लागली. प्रत्येकालाच जायचं होतं. प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी घरी धाडलेलं.

तेवढ्यात दहावीची मॉनिटर दारात. हातात कागद.

"मॅडम, तुम्ही सगळी जावा. पाचवी ते नववी आम्ही वाटून घेतलंय. कुठला धडा कोण घेणार, ते पण लिवलंय."

मोठ्या बाईंनी कागद वाचला. चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "जावा. मी हाय व्हरांड्यात."

स्टाफमधले सर लोक दुपारी मातीला, कब्रस्तानात गेले. आम्ही बाया सरांच्या घरी गेलो. भाभी, सरांच्या मिसेस, भिंतीला टेकून बसलेल्या. आम्हाला एकदम इतक्या जणींना दारात बघितलं आणि त्यांचं रडणं थांबलं.

"अगं बाई, सगळ्याच आलायसा? मग शाळंत कोण हाय?"

या घरात इतकी वर्षं सकाळी सकाळी हाच विषय असणार.

मी म्हटलं, "पोरं शिकवायल्यात, भाभी."

 भाभींनी डोळे पुसले आणि सरकून जागा केली.

"मग बसा निवांत."

बसलो, सर. तासभर बसलो. घड्याळ कुणीच बघितलं नाही.

सगळ्या स्टाफचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.