गॅलरीखालचा मूस

बर्नडीनच्या नवऱ्याला जमिनीत जागा मिळायला मे महिना उजाडणार होता. आमच्याकडे हिवाळ्यात जमीन गोठते, कुदळ चालत नाही. मेलेल्या माणसांना दफनभूमीतल्या दगडी खोलीत बर्फ वितळेपर्यंत ठेवतात. त्याला मारणाऱ्या मूस सांबराला मात्र दुसऱ्याच दिवशी जागा मिळाली, तीही तिच्या खिडकीसमोर.

बर्नडीन शुलिस्ट आमच्या जंगल उद्यानाच्या माहिती केंद्रात कँटीन चालवते. मी शेजारीच तिकिटं देते. सकाळी ती आधी पक्ष्यांसाठी सूर्यफुलाच्या बिया ओतते, जाड चोचीच्या पिवळ्या पाखरांना दोन शिव्या घालते आणि मग सूप चढवते. काल जंगलात काय काय दिसलं ते दारातल्या फळ्यावर तीच लिहिते, अक्षर चांगलं म्हणून.

तिचा अँब्रोझ रस्त्यावरचा बर्फ लोटायचा आणि मीठ टाकायचा. ते मीठ चाटायला मूस रस्त्यावर येतात. घोड्याहून थोराड सांबर ते, अंधारात दिसतसुद्धा नाही. गाडीखाली एखादा मेला की अँब्रोझ आणि त्याचा जोडीदार ड्वाइट त्याला ओढून केंद्राच्या गॅलरीखालच्या उतारावर टाकायचे. त्यावर लांडगे येतात, डोमकावळे येतात, कधी गरुड, आणि त्यांच्यामागे शहरातून दुर्बिणीवाले. जानेवारीत संध्याकाळी घरी येताना अँब्रोझच्याच गाडीवर मूस आदळला. दोघेही जागच्या जागी गेले. सकाळी ड्वाइटने सवयीने साखळी बांधली.

"डोकं कुठे होतं रे तुझं?" मी त्याला विचारलं.

"रस्त्यावर मेलेला मूस कुठे न्यायचा, एवढंच येतं मला," तो म्हणाला. डोळे सुजले होते त्याचे.

आठवड्याने बर्नडीन कामावर आली. मूसच्या खांद्याला गाडीचा निळा रंग लागला होता. तो तिला खिडकीतून दिसला.

"ड्वाइट, तेवढा हलव. बाकी काही मागत नाही."

"गोठून जमिनीला चिकटलाय, बर्नी. आणि लांडगे लागलेत त्याला. आता खाली माणसं उतरली तर ते फिरकायचे नाहीत. साहेब नाही म्हणतात."

"साहेबांना म्हणावं, एक दिवस इथे उभं राहून कांदा चिरा."

साहेब कांदा चिरायला आले नाहीत. त्यांनी पडदा पाठवला, फुलाफुलांचा. मी आणि तिने मिळून तो लावला. शनिवारी गिऱ्हाइकांनी कुरकुर केली की कँटीनमधून लांडगे दिसतात म्हणून तर आम्ही इथे बसतो. दुपारी साहेबांनी स्वतः येऊन पडदा काढला, नीट घडी केली आणि तिच्या हातात दिली.

रविवारी गॅलरीत उभं राहायला जागा नव्हती. लाल नाकाचा एक गृहस्थ सूप घ्यायला आत आला.

"तीन लांडगे पाहिले, बाई. जन्मात पहिल्यांदा. हे मूस आणून कोण टाकतं हो?"

"माझा नवरा."

"हाही?"

"हाही त्याच्यामुळेच आला."

"आमच्यातर्फे आभार सांगा त्यांना."

"मेमध्ये सांगते," ती म्हणाली आणि मिरपूड त्याच्यापुढे सरकवली.