उवा उडत नाहीत

बाईंनी माझी वेणी लाकडी पट्टीनं उचलली. हात लागू नये म्हणून. "पाहा, लिखाच लिखा! हिच्यापायी साऱ्या वर्गाचं डोकं खाजून राह्यलं." आणि हस्तव्यवसायाच्या कात्रीनं मानेपाशी कचाकचा कापली. पोरी हसल्या. सगळ्यात जोरात हसली ती ज्याच्या शेतात आम्ही राबायचो, त्या मालकाची लेक. चहाडी तिनंच केली होती.

मी सहावीत होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट, आंजीकडचं आमचं गाव. वर्गात मी दाराशी, वेगळ्या तरटावर बसायची.

त्याच आठवड्यात दवाखान्याची नर्सबाई शाळेत आली. म्हणाली, "ऊ उडत नाई, उडी मारत नाई. डोक्याले डोकं लागलं, नाईतर फणी एक झाली, तरच चढते." मी चमकले. माझ्या डोक्याला वर्गात कुणाचं डोकं लागलं होतं?

मग उलगडा झाला. दर रविवारी माय मालकाच्या अंगणात जायची. शाळेत जिला माझा विटाळ, तीच लेक मायच्या मांडीवर डोकं टेकायची. माय डोक्याला डोकं लागेल इतकं वाकून तिच्या उवा काढायची, लिखा नखांवर चिरडायची. मग लेकीला शिकेकाईनं न्हाऊ घातलं, की झाली शुद्ध. माय तशीच घरी यायची. मी तिला बिलगून झोपायची.

शिसारी आली मला. उवा त्यांच्या आणि वेणी माझी कापली.

पुढच्या रविवारी मायला लिखा दिसेनात. नजर अधू झाली होती. मालकीणबाईनं मला बोलावलं. "ये वं, तू बस. आता तुलेच कराचं हाये हे काम."

लेकीनं डोकं पुढं केलं. केस बाजूला सारले, तर कानामागं खवडे. पू वाळलेला, कडेनं उवा वळवळत होत्या. मी उठले.

"मी नाई काढत."

"काऊन नाई? तुही माय काढते."

"उवा उडत नाईत, मालकीणबाई. ह्या इथूनच आमच्या घरी आल्या. माही वेणी कापली, आता इचीबी कापा."

"थोबाड फोडीन तुहं!"

माय हात जोडायला लागली. मी तिचे हात सोडवले आणि तिला अंगणाबाहेर नेलं. वाटेत ती रडत म्हणाली, "आता वावरात नाई बोलावनार आपल्याले."

नाहीच बोलावलं. त्या हंगामात आम्ही कोसभर चालून दुसऱ्या गावात कापूस वेचला. पायांना फोड आले. पस्तावा झाला नाही. ज्यांना माझा स्पर्श चालत नाही, त्यांची घाण मी काढणार नाही. मायला काढू देणार नाही. माझ्या लेकीला तर नाहीच नाही.