टेकडीवरचा आपटा

दसरा आला की माझं डोकं आजही फिरतं.

इथे राजस्थानात, आमच्या मालवीय नगरच्या मागच्या टेकडीवरची वेडी बाभूळ काढून इथलीच मूळची झाडं लावायची, असं आम्ही ठरवलं होतं. आम्ही म्हणजे कॉलनीतल्या बायका, सकाळी फिरायला येणारे आणि जवळच्या चौमूं गावाकडचा रोपं तयार करणारा एक गट. धोक, रोहिडा, खेजडी लावली. एका रोपाला चौमूंवाले झिंझा म्हणायचे. त्याची जोडपानं बघून मी ओरडलेच, हा तर आपला आपटा! बातमी मराठी मंडळात पोचली आणि एरवी गणपतीशिवाय घराबाहेर न पडणारी मंडळी चक्क बादल्या घेऊन टेकडीवर यायला लागली.

सगळ्यांत पुढे काका. रेल्वेतून निवृत्त झालेले, मंडळातले सर्वांत वडीलधारे. गुडघ्याला पट्टा बांधून उन्हाळाभर त्यांनी पाण्याचे कॅन वाहिले. मला केवढा अभिमान! शेजारच्या राजस्थानी भाभीला मी मुद्दाम सांगायचे, "देखो भाभीजी, हमारे काका."

रोपं कमरेएवढी झाली. दसऱ्याच्या सकाळी भाभीचा फोन आला, "दीदी, जल्दी आओ." जाऊन बघते तर एकूण एक आपटा ओरबाडलेला. पानं गेलीच, शेंडेही मोडलेले. एक रोप तर मुळासकट उपटून टाकलेलं. बकऱ्या शिरल्या असत्या तर त्यांनी शेजारच्या धोकालाही तोंड लावलं असतं. धोकाचं पानही हललं नव्हतं.

"आज आप लोगों की कोई पूजा है ना?" भाभीने विचारलं. टोमणा नव्हता, साधाच प्रश्न. मला मात्र भर बाजारात कोणी मुस्काटात मारल्यासारखं झालं.

तिथूनच मंडळाच्या सेक्रेटरीला फोन लावला. "अहो ताई, इतकी वर्षं कागदाची पानं कापून वाटली," तो म्हणाला. "मतलब, पोरांना खरं सोनं कधी दिसणार? पानं काय, परत येतील." पुढे मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी काका दारात. नवा सदरा, हातात पिशवी. "सोनं घे, सोन्यासारखी राहा," म्हणत त्यांनी पानं पुढे केली. सोनं घ्यायचं आणि वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं, ही आमची रीत.

"काका, तुम्ही तोडलीत?"

"मग! मीच तर पाणी घातलं होतं त्यांना. आपल्या हातचं सोनं."

चेहऱ्यावर लपवाछपवी नाही, नुसता आनंद. त्याने मी आणखीच भडकले. चोर असता तर मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या.

"मग आता परत लावून या," मी म्हणाले.

थट्टा समजून ते हसले. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि हसू थांबलं. आशीर्वादासाठी त्यांनी हात आधीच वर केला होता. तो तसाच राहिला. मी वाकले नाही.