हात मांडीवर

माझ्या मुलीचे हात मीच गप्प बसवले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला मी बिचारी वाटायला नको.

ती तीन-चार वर्षांची होती तेव्हापासून आनंद झाला की दोन्ही हात कानांशी नेऊन जोरजोरात झटकायची. नळाखाली हात धुतले की आपण पाणी झटकतो ना, अगदी तसे. कुकरची शिट्टी झाली, पंखा सुरू झाला, बाबा कारखान्यातून आले, की झटक हात. टाचा उचललेल्या आणि घशातून एक बारीक 'ईंऽऽ' असा सूर. देवासला आमच्या कॉलनीत नव्याने राहायला आलेल्या एका काकूंनी तर तिच्यापुढे टॉवेल धरला होता. शाळेचा रिक्षावाला विचारायचा, "बिटिया को ठंड लग री क्या, भाभी?" मी हो म्हणायचे. मे महिन्यातसुद्धा हो म्हणायचे.

इंदूरच्या डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला तेव्हा तिला पाचवं लागलं होतं. तिच्याकडे शब्द मोजकेच, तेही आमचे ऐकलेले, जसेच्या तसे परत येणारे. "पोहे हवेत?" असं मी विचारलं की ती म्हणणार, "पोहे हवेत?" माझ्याच आवाजात, माझ्याच ठसक्यात. त्याचं मला काही वाटायचं नाही. हात मात्र खपेनात. शाळेतून बोलावणं आलं, "मैडम, बच्ची हाथ हिलाती है, बाकी बच्चे हँसते हैं." लग्नाकार्यात बायका तिच्याकडे बघायच्या आणि तिच्याकडे बघून झालं की माझ्याकडे. ते दुसरं बघणं मला सोसायचं नाही.

मग मी कंबर कसली. तिचे हात उठले की म्हणायचं, "हात मांडीवर." दोन्ही मनगटं धरून मांडीवर ठेवायची, वरून दोनदा थोपटायचं आणि म्हणायचं, "शाबास." जेवताना, बसमध्ये, देवळात, टीव्हीसमोर. कणकेच्या डब्यात ती कोपरापर्यंत हात घालून बसायची, तेही बंद केलं. ह्यांनी एकदा म्हटलं, "राहू दे ना, कुणाचं काय बिघडतंय?" त्यांना मी असं काही झाडलं की पुन्हा त्यांनी तोंड उघडलं नाही. मी मुळातच चिवट. चार वर्षं चिकटून राहिले आणि नवव्या वर्षी तिचे हात बसले. पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. तो 'ईंऽऽ' सूरही हातांबरोबर गेला, हे माझ्या लक्षात यायला कितीतरी दिवस लागले. ती नखं खायला लागली होती, पण नखं काय, सगळीच मुलं खातात, असं मी म्हणायचे.

त्याच वर्षी धारला धाकट्या दिराचं लग्न झालं आणि सासूबाईंनी बोडण भरायचं ठरवलं. सासरे धारच्या संस्थानी नोकरदारांच्या घराण्यातले. घरातली मुलं आपसांत हिंदीत भांडतात, पण कुळाचाराला एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही. बोडणाला परातीत अन्नपूर्णा ठेवतात आणि भोवती चार सवाष्णी आणि एक कुमारिका बसतात. पुरणपोळ्या, दूध, दही, तूप, मध, सगळं घालून पाचही जणींनी हातांनी कालवायचं. कुमारिकेला विचारत राहायचं, आणखी दूध घालू, आणखी दही घालू, आणि ती "पुरे" म्हणेपर्यंत कुणी हात काढायचा नाही. एरवी सगळ्या घराला धाकात ठेवणाऱ्या बायका, पण त्या दिवशी चालतं एका पोरीचं.

ठरलेली मुलगी ऐन वेळी तापाने पडली. सासूबाई म्हणाल्या, "दुसरीकडे कशाला बघायचं? आपली आहे की घरात."

माझी नणंद हळूच म्हणाली, "आई, अगं, ती पुरे कशी म्हणेल? आणि मध्येच हात उडवले तिने, तर?"

हळूच म्हणाली, पण मी दारातच उभी होते. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, "वन्सं, तिचे हात आता जागचे हलत नाहीत. बघालच तुम्ही."

तिला परकर-पोलकं घातलं, गजरा माळला. परातीभोवती सासूबाई, वन्सं, नवी नवरी, मी आणि ती. पाठ ताठ, हात मांडीवर. खोटं कशाला सांगू, माझा ऊर भरून आला. आता बघा म्हणावं सगळ्यांनी.

सासूबाईंनी दुधाची धार धरली. आम्ही चौघींनी पोळ्या कुस्करायला घेतल्या. ती तशीच बसून.

"घाल हो बाळ, हात घाल," सासूबाई म्हणाल्या.

ती परातीकडे बघत होती. दूध, तूप, मऊ पुरण, बोटांतून निसटणारं. तिला ते किती हवं होतं ते मला दिसत होतं. तिची बोटं परकरावर थरथरत होती आणि ती त्यांना दाबून धरत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं. परवानगी मागितल्यासारखं.

"घाल गं, आज घाल," मी म्हटलं.

"आज घाल," ती माझ्याच आवाजात म्हणाली आणि हात आणखी घट्ट दाबले. वन्संनी प्रेमाने तिचं मनगट धरायला हात पुढे केला, तशी तिने डोळे मिटले आणि स्वतःलाच म्हणाली, "हात मांडीवर. शाबास."

कुणी हसलं नाही. सासूबाई रीतीप्रमाणे विचारत राहिल्या आणि ती तेच परत म्हणत राहिली. "दूध घालू?" "दूध घालू?" "दही घालू?" "दही घालू?" परात काठोकाठ भरली, दूध पाटांखालून वाहायला लागलं, आमचे हात आत, तिचे बाहेर. शेवटी सासूबाईंनीच आपल्या तोंडाने "पुरे" म्हटलं आणि देवीला नमस्कार केला. तिच्या वाट्याचं मी कालवलं. वन्संनी मला एका शब्दाने टोचलं नाही. टोचलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

आता ती एकोणीस वर्षांची आहे. मध्यंतरी इंदूरच्या एका थेरपिस्ट मुलीने, माझ्यापेक्षा निम्म्या वयाच्या, मला विचारलं, "काकू, हात का थांबवले? कुणाला लागत होते का?" नव्हते लागत. आनंद तिच्यात मावायचा नाही म्हणून ती तो हातांनी झटकायची, एवढंच होतं. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी देवास येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडले आणि ती शेजारी हात मांडीवर ठेवून बसली होती.

ह्यांच्या जुन्या मोबाइलमध्ये एक अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आहे. पाच वर्षांची ती, कुकर, शिट्टी आणि ते हात. मागून माझा आवाज येतो, "पुरे आता." मला तो बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवत नाही. तो 'ईंऽऽ' एकदा तरी पुन्हा घरात ऐकू यावा, एवढंच मागते आता. आजही शिट्टी झाली की ती मान वर करते, माझ्याकडे बघते आणि मी बघते तिच्या हातांकडे.

होळीच्या दुसऱ्या दिवशी पुरण उरलं होतं. मी स्वयंपाकघरात फरशीवर लहान परात घेतली, पुरण, दूध, दही घातलं आणि तिला समोर बसवलं. तिला सांगण्यात अर्थ नव्हता, तो धडा मी धारलाच शिकले होते. म्हणून मी स्वतःच हात घातले, कोपरापर्यंत. मग कानांशी नेऊन झटकले, जोरजोरात. पुरण फ्रिजवर उडालं, माझ्या केसांत उडालं. पन्नाशीची बाई मी, 'ईंऽऽ' असा सूरही काढला. म्हटलं, बघ बाळा, चालतं. असं चालतं.

ती बराच वेळ बघत होती. मग सरकत सरकत जवळ आली. माझ्या पदराने तिने माझं एकेक बोट पुसलं, नीट, घाई न करता. दोन्ही मनगटं धरली, माझे हात माझ्या मांडीवर ठेवले आणि वरून दोनदा थोपटलं.

"शाबास," ती म्हणाली. माझ्या तेव्हाच्या आवाजात.

मी हात तसेच ठेवून बसून राहिले. उचलले असते, तर तिला वाटलं असतं, आईला अजून जमत नाही.