पाव्हण्यांचा डॉक्टर

लहानपणी विहिरीवर रहाटाचा दांडा सुटून माझ्या नाकावर बसला आणि हाड वाकडं जुळलं. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. पण दुष्काळ सरल्यावर लग्नाची बोलणी सुरू झाली आणि त्या नाकापायी दोन स्थळं मोडली. तिसरं सांगलीचं. त्यांचा निरोप आला, मुलाचे चुलते सर्जन आहेत, ते नाक सरळ करून देतील, मग पुढचं बोलू.

आईनं लगेच देवापुढं साखर ठेवली. पण या डॉक्टरांनी कधी नाकाचं ऑपरेशन केलंय का, हे घरात कुणीच विचारलं नव्हतं. मी विषय काढला तर आई खेकसली, "गप बस! हुणाऱ्या चुलतसासऱ्याची परीक्षा घेतीयास व्हय?"

अगं, पण चेहरा माझा ना! बिघडला तर जन्मभर आरशात मीच बघणार होते.

आम्ही बापलेक वडूजहून एसटीनं निघालो. आबा फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, पण त्या दिवशी विट्यापर्यंत टोपीच नीट करत बसले. मी आपली सारखी नाक चाचपत होते.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझी हनुवटी धरून तोंड इकडं-तिकडं फिरवलं. "अर्ध्या तासाचं काम. मंगळवारी दाखल करा."

"व्हय जी," आबा म्हणाले.

झालं! ठरलंसुद्धा! माझ्या तोंडून निघून गेलं, "डॉक्टर, तुम्ही आजवर किती नाकं सरळ केलीत?"

डॉक्टर लालबुंद झाले. "सुभेदार, पोरगी फार बोलते." आता आबांचा आवाज चढणार म्हणून मी मान खाली घातली.

"आवं, ती इचारतीया त्ये सांगा की," आबा म्हणाले.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "हातपाय पुष्कळ बसवलेत. नाकाचं हे पहिलंच. पण पुस्तकात सगळं दिलेलं असतं."

आबांनी टोपी उचलली. स्थळ तिथंच मोडलं, हे आम्हां दोघांनाही कळलं.

स्टँडवर चहा घेताना त्यांनी भरली बशी तशीच खाली ठेवली. मला वाटलं, आईला काय सांगायचं याची काळजी असणार.

"तू इचारलं नसतंस तर म्या गपच बसलो असतो, पोरी," ते म्हणाले. "पाव्हण्याला कसं इचारायचं, म्हून. मंगळवारी तुला तिथं झोपवली असती."

दवाखान्यात वाटली नव्हती एवढी भीती मला तिथं, माझ्या बापाशेजारी बसून वाटली.