वाळूवरची बशी

हॉलमधल्या प्रवाळांच्या टाकीखाली ह्यांनी दुसरी, छोटी टाकी आणून ठेवली होती. ती भरायच्या आतच हे गेले. काल फिश टँकच्या दुकानातले काका येऊन ते काम पुरं करून गेले. तळाला वीतभर बारीक वाळू, तिच्यावर समुद्रातलं शेवाळ. पाण्याच्या धारेनं वाळू उडू नये म्हणून त्यांनी एक बशी मागितली. मी सवयीनं ह्यांची चहाची बशी दिली. ती वाळूवर ठेवून ते तिच्यात हळूहळू खारं पाणी ओतत राहिले.

"ताई, वरच्या टाकीचं पाणी आता हिच्यातून फिरेल. ही वाळू कधी ढवळायची नाही," ते म्हणाले. "तळाशी हवा पोचत नाही, म्हणूनच तिथले डोळ्यांना न दिसणारे जीव वरच्या टाकीची घाण गुपचूप जिरवतात. ढवळलंत तर सगळं विष वर येईल. वरचे मासे मरतील."

मी बरं म्हटलं. हल्ली मी सगळ्यांनाच बरं म्हणते. नणंदेचा रोज फोन येतो, "वहिनी, एकदा मोकळं रडून घ्या." तिलाही बरं म्हणते. पण रडू येत नाही. काही दुखतंय असंही नाही. दूध येतं, कुकर लागतो, टाकीतले मासे वेळेवर खातात.

आज पाणी निवळलं. बशी काढायला मी कोपरापर्यंत हात घातला. कड जरा उचलली, तर खालून वाळूचा बारीकसा ढग उठला. मी बशी सोडून दिली.

तेवढ्यात नणंदेचा फोन आला. तिनं रोजचं वाक्य म्हटलं. ओला हात तसाच धरून मी पहिल्यांदा म्हटलं, "नको गं. राहू दे."