आकड्यांची वही

हौशी बिनतारी केंद्राच्या परवान्यावर एक अट छापलेली असे: हवेत बोलायचं ते उघड्या भाषेत, सांकेतिक मजकूर पाठवायचा नाही. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न होता. ती अट मला तोंडपाठ होती, आणि ती मोडायची अक्कलही माझीच.

मी कोथरूडला, माझा मित्र स्वारगेटजवळ. तो शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस. यंत्र त्यानं जुन्या बाजारातले सुटे भाग जमवून स्वतः जोडलेलं. संध्याकाळी आम्ही मोर्सच्या टिंब-रेघांत गप्पा मारायचो. पण आमच्या बिनतारी क्लबचे चिटणीस सगळं ऐकत बसत आणि रविवारच्या बैठकीत चुका दाखवत. त्यांची टिंगल करायची सोय नव्हती. म्हणून मी वहीत आकडे ठरवले. सतरा म्हणजे चिटणीसांचं ते घसा खाकरणं. एकतीस म्हणजे रविवारी भाषण अटळ. एक प्रत माझ्याकडे, एक त्याच्याकडे, दोन्ही माझ्याच अक्षरात. वर्षभर आम्ही पोट धरून हसलो.

मग सीमेवर तणाव वाढला आणि आमचे आकडे भलत्याच कुणीतरी टिपून घेतले. परवाने देणाऱ्या तार खात्याचे साहेब चौकशीला आले. आम्हाला वेगवेगळं बसवलं.

"हे आकडे कुणी ठरवले?"

मी सरकारी कचेरीत नोकरीला. माझी वही मी सकाळीच बंबात घातली होती. "त्यानं," मी म्हणालो. "मी आपली नुसती उत्तरं द्यायचो." किती सहज म्हणालो! लाज वाटते ती त्या सहजपणाचीच.

मला ताकीद मिळाली. त्याचा परवाना रद्द झाला, यंत्र सील करून नेलं.

महिनाभर मी स्वारगेटकडे फिरकलो नाही. शेवटी तोच घरी आला. चहा घेता घेता पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली.

"साहेब वही मागत होते. फाडून टाकली म्हटलं. तुझं अक्षर ओळखलं असतं त्यांनी."

"आणि आकडे कुणी ठरवले, हे विचारलं नाही?"

"विचारलं ना. मी, म्हटलं. तुझी सरकारी नोकरी आहे बाबा."

मी चौकशीत काय सांगितलं, हे त्यानं विचारलं नाही. मला माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "साखर बरोबर आहे ना?"

"आहे की." मग माझ्या यंत्राकडे बघत म्हणाला, "जरा ऐकू का? हात नाही लावणार."

मी हेडफोन दिला. अर्धा तास तो डोळे मिटून ऐकत बसला होता, आणि त्याचं बोट गुडघ्यावर उत्तरं देत होतं.